हत्याराला उद्घाटक लागत नाही

ते लॅपटॉप पहिले कितीतरी दिवस तांदळाच्या पोत्यांवर पडून होते. शाळेत पोषण आहाराची एक खोली असते, खिचडीचं सामान ठेवायची. तिला जाळी असते आणि चांगलं कुलूपही असतं, म्हणून मुख्याध्यापक सरांनी खोकी तिथं ठेवून घेतली. म्हणाले, "ताई, उंदरांचं तेवढं बघा."

मी म्हणाले, "उंदरांचं मी बघते सर, तुम्ही माणसांचं बघा."

सर हसले नाहीत. पुढं काय होणार ते त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

मी एका पुरोगामी संघटनेची पत्रकं लिहिणारी बाई. कॉलेजात होते तेव्हापासून मोर्चाची, धरण्याची, सभेची पत्रकं लिहीत आले. पत्रकात वाक्य आखूड लागतं आणि चूक कुणाची हे पहिल्या चार ओळींत सांगावं लागतं. ती सवय गेलेली नाही, तर सांगूनच टाकते. चूक पुढाऱ्यांची होती. दोन्ही पुढाऱ्यांची.

लॅपटॉप साधे होते. पुण्यातल्या काही मित्रमैत्रिणींनी वर्गणी काढून स्वस्तातले घेतले, स्वतः बसून त्यांत मराठीतले धडे, गणितं, विज्ञानाचे प्रयोग भरले. नेटची गरज नाही. जाडजूड, खेळण्यासारखे दिसणारे, बटणं रबराची. सोबत सौरऊर्जेच्या छोट्या पाट्या, चार्जिंगसाठी. कारण ही यंत्रं शाळेत बसणार नव्हती, ऊसतोडीला जाणार होती.

आमच्या बीडकडं वर्ष दोन तुकड्यांचं असतं. दसरा झाला की गावात ट्रक आणि ट्रॅक्टर येतात, माणसं संसार बांधून कारखान्यांच्या भागात ऊस तोडायला जातात, ती उन्हाळा लागल्यावर परत येतात. लेकरंही जातात. मागं ठेवायची कुणाकडं? तिकडं उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या झोपड्या असतात, त्यांना कोपी म्हणतात. कोपीत शाळा नसते. लेकरू परत येतं तेव्हा वर्ग उरलेलं निम्मं पुस्तक संपवून बसलेला असतो. दरवर्षी अधिकारी म्हणतात, हा प्रश्न गंभीर आहे. मग दरवर्षी ट्रक भरतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच होतं, ट्रक निघायच्या आधी लॅपटॉप लेकरांच्या हातात पडले पाहिजेत. नंतर पडले तर ते तांदळावरच बरे.

गाव गेवराईच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांशी मला अजून भांडायचं आहे. वरची आळी एका जातीची, खालची आळी दुसऱ्या जातीची. कोणत्या, तेही लिहीत नाही. बीडच्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून तो फक्त मान हलवतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत या दोन आळ्या एका टपरीवर चहा पीत होत्या. मग आंदोलनं झाली, निवडणुका झाल्या, मोबाइलवर कुणी काय काय फिरवलं, आणि टपऱ्या दोन झाल्या. दाढी करायला न्हावी वेगळा, किराणा वेगळा. शाळेत लेकरं वेगळ्या पट्ट्यांवर बसायला लागली. त्यांना कुणी तसं सांगितलंही नव्हतं. घरी ऐकलं ते पुरेसं होतं.

आणि दोन्ही आळ्या ऊसच तोडत होत्या! एकाच कारखान्याचा. इथं मात्र कुणी वेगळा ऊस मागितला नाही.

शाळेत आठवीत एक मुलगी होती, खालच्या आळीची. सगळा वर्ग "ताई, गेम आहे का यात?" विचारत होता तेव्हा तिनं विचारलं, "ह्यात आठवीचं पुरं पुस्तक हाय का? का निम्मंच?"

"पुरं आहे. का गं?"

"मला निम्मंच येतं. दरसाल पयलं निम्मं."

तिच्या घरी गेले तर बाप ओसरीवर बसून बैलाचं दावं वळत होता. मला म्हणाला, "शिकवा की. मी कुठं नको म्हनलं? पर आठवीला आता नापास करायलेत. नापास झाली तर मी तिला परत त्याच वर्गात बसवनार न्हाई. उजवून टाकतो. मुकादमाच्या भावकीतलं पोरगं हाय, त्येला जोडीदारीण पायजे."

जोडीदारीण म्हणजे काय, ते समजून घ्या. ऊसतोडीत माणूस एकटा मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. बिनलग्नाच्या पोराला अर्धा कोयता म्हणतात, त्याला काम कमी मिळतं. म्हणून त्याचं लग्न लावतात. पोरगी कितवीत आहे, हे त्या हिशोबात बसत नाही.

मुलगी दारामागं उभी होती. सगळं ऐकत होती. मी तिथंच ठरवलं की हा लॅपटॉप हिच्यासोबत ट्रकमध्ये चढला पाहिजे, बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

आणि मग उद्घाटन आडवं आलं.

वरच्या आळीचे एक पुढारी होते, लोक त्यांना मालक म्हणायचे. खालच्या आळीच्या पुढाऱ्याला भाऊ म्हणायचे. लॅपटॉप आल्याचं दोघांच्या कानावर एकाच दिवशी गेलं. मालकांचा कार्यकर्ता शाळेत आला, "उद्घाटन मालकांच्या हस्ते. दिवाळीनंतर वाढदिवस हाय, तवा भव्य कार्यक्रम घेऊ." त्याची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच भाऊंचा कार्यकर्ता आला, "मालकाच्या हातून झालं तर आमच्या आळीचं एक लेकरू शाळेत येनार न्हाई. लिहून घ्या."

मी म्हणाले, "दोघांनाही बोलवा. एका मंचावर. हवं तर फीत दोन ठिकाणी कापा."

दोघंही कार्यकर्ते एकत्र हसले असते, पण ते एका खोलीत बसत नव्हते म्हणून वेगवेगळे हसले.

मग तडजोडी निघाल्या. दोन कार्यक्रम करा. निम्मे लॅपटॉप इकडं, निम्मे तिकडं. बरं, कुणाचा कार्यक्रम आधी? ज्याचा नंतर त्याची इज्जत गेली. लॅपटॉपच्या झाकणावर फोटोचं स्टिकर लावा. कुणाचा फोटो? दोघांचा लावला तर वर कोण, खाली कोण? फ्लेक्स छापून झाले, दोन्ही बाजूंचे. एकावर मालक हात जोडून, दुसऱ्यावर भाऊ मोबाइल कानाला लावून. मजकूर सारखाच: गोरगरिबांच्या लेकरांच्या हाती संगणक. लेकरांच्या हाती तेव्हा खिचडीचं ताट होतं आणि संगणक ताटामागच्या खोलीत कुलपात होता.

मी सरांना म्हणाले, "सर, माल आमचा आहे. तुमच्याकडं ठेवायला दिलाय, शाळेच्या नावावर अजून केलेला नाही. मी आत्ता वाटते."

सर म्हणाले, "ताई, तुम्ही वाटून तालुक्याला जाल. मला इथं उद्या हजेरी घ्यायची आहे. एका आळीनं शाळेवर बहिष्कार टाकला तर माझी बदली होईल, ते सोडा, पण अर्धी लेकरं घरी बसतील त्याचं काय?"

मला त्यांचा राग आला आणि त्यांचं खरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटणं फार वाईट असतं, पत्रक लिहिता येत नाही.

नवरात्र सुरू झालं. घराघरांत घट बसले. गावात ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम फिरायला लागला, टोळीची गाडी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणार म्हणून. मी घाटनांदूरला घरी आले ती डोकं दुखतंय म्हणून झोपलेच. उठले तर वडील शिलाई मशीन उघडून बसलेले. माझे वडील शिंपीकाम करतात. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते मशीन पुसतात, तेल देतात, पट्टा काढून ठेवतात. खंडेनवमीला तिला हळदकुंकू, झेंडूचा हार, नैवेद्य. त्या दिवशी मशीन चालत नाही. ऐन दसऱ्याचे कपडे अडलेले असतात, गिऱ्हाइकं दारात येऊन शिव्या घालतात, वडील ऐकून घेतात आणि म्हणतात, "आज हत्यार बसलंय." एकदा एक मोठा माणूस गाडीतून आला होता, त्यालाही एवढंच म्हणाले. तो मुकाट गेला. या वाक्यापुढं कुणाचं काही चालत नाही. आणि मशीनची पूजा करायला आमच्याकडं कधी प्रमुख पाहुणा आला नाही.

मी वडिलांना विचारलं, "आप्पा, हत्यार दुकानात असलं आणि दुकान दुसऱ्याचं असलं तर?"

"तर घरी आणायचं. पुजायला हत्यार घरीच लागतं. गवंडी थापी आणतो, ड्रायव्हर गाडी आणतो. कावून?"

"काही नाही," मी म्हणाले आणि चप्पल घातली.

आता हे कुणी म्हणेल, पुरोगामी संघटनेची बाई आणि हळदकुंकवाचा आधार घेते. घेते. पुढाऱ्याच्या फितीपेक्षा हळदकुंकू मला परवडलं.

त्याच दिवशी शाळेत परत जाऊन सरांना मी सरळ विचारलं, "शिकणाऱ्या लेकराचं हत्यार कोणतं?"

सरांनी दाराकडं बघून घेतलं. मग म्हणाले, "खंडेनवमीला शाळेला सुट्टी आहे. मी गावाला जाणार. खोलीची किल्ली खिचडीवाल्या मावशींकडं असते. त्या दरवर्षी त्यांचा झारा न्यायला येतात, पुजायला." आणि टेबलावरचं पुस्तक उघडून वाचायला लागले. उलटं धरलं होतं.

खंडेनवमीला सकाळी मावशींनी कुलूप काढलं. शाळेची खिचडी त्याच शिजवतात, त्यांचा लोखंडी झारा हातभर लांबीचा. झारा काढून पदरानं पुसला आणि मला म्हणाल्या, "माझं हत्यार मी नेते. बाकीच्यांची कुनाकुनाची हायेत, त्ये तुमी बघा. मला काय दिसत न्हाई, मोतीबिंदू हाय."

मावशींना मोतीबिंदू नाही.

आम्ही आदल्या रात्रीच दोन्ही आळ्यांत सांगून ठेवलं होतं, खंडेनवमीला लेकरांची हत्यारं पुजायला घरी द्यायची आहेत, आईनं नाहीतर बापानं यायचं. लोक आले. वरच्या आळीचे एका बाजूला, खालच्या आळीचे दुसऱ्या बाजूला, मधे शाळेचा हापसा. कुणी कुणाशी बोललं नाही. भाषण नाही, हार नाही, माइक नाही. ज्याचं त्यानं उचललं, डोक्याला लावलं, घरी नेलं. मला वाटलं होतं कुणीतरी अडवायला येईल. पण कार्यकर्तेसुद्धा त्या दिवशी घरी आपापल्या गाड्या धूत होते.

लेकरांनी मात्र मला शिव्या घातल्या. हत्यार बसलंय म्हटल्यावर त्या दिवशी ते उघडायचं नाही! हातात आलेला लॅपटॉप देवापुढं झेंडूखाली, आणि पोरं त्याच्याभोवती मांडी घालून. वरच्या आळीतला एक सहावीतला मला म्हणाला, "ताई, तुमी मालकापेक्षा वंगाळ हायेत."

आणि दुपारी भलतंच घडलं. त्या आठवीतल्या मुलीच्या घरी गेले तर मोरीवर तिचा बाप उकिडवा बसलेला. शेजारी घासून लख्ख केलेले दोन कोयते, विळा, कुऱ्हाड. आणि त्याच्या हातात लॅपटॉप. राख लावून, काथ्यानं घासून, वरून तांब्यानं पाणी.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही.

तो दचकून म्हणाला, "काय झालं? बिनधुतलं हत्यार पुजत असतात का? लई धूळ बसलती त्याच्यावर. तांदळाची."

मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. तिनं नुसतं बापाकडं बघितलं, आणि तेव्हा त्याला कळलं की आपण काय केलं. कोयत्यानं बोट कापल्यावर माणूस जसा हाताकडं बघतो तसा तो लॅपटॉपकडं बघायला लागला.

मावशी शेजारच्याच. धावत आल्या. "मोबाइल भिजला की तांदळात घालतेत."

"शाळेतला तांदूळ आणू का?" मी म्हणाले.

"त्याला हात लावायचा न्हाई, त्यो लेकरांचा हाय. ज्वारीत घाला."

बापानं लॅपटॉप धोतराच्या टोकानं पुसला, उलटा धरून पाणी गाळलं आणि ज्वारीच्या पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून खाली पुरला. तोंडाशी हळदकुंकू वाहिलं. पूजा अशी पोत्याची झाली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, दोन्हीकडचे कार्यकर्ते जागे झाले. भाऊंचा माणूस सकाळीच खालच्या आळीत आला. पहिलं घर त्याच मुलीचं. मी तिथंच होते, पोत्यापाशी.

"चला, जमा करा," तो म्हणाला. "भाऊंचा कार्यक्रम दिवाळीनंतर हाय. तवा रीतसर मिळतील. फोटोसहित."

बाप म्हणाला, "तवा आमी इथं असतोत का?"

"मग परत आल्यावर घ्या. कुठं पळून चाललंय ते?"

"पुजलेलं हत्यार दसऱ्याला दुसऱ्याच्या हातात देत न्हाईत."

"अबे, ते काय कोयता हाय का?"

"माझ्या घरात पुजलं, म्हंजे हाय." आणि जरा थांबून म्हणाला, "तुजी गाडी तू काल पुजलीस. दे की मला चावी. परत आल्यावर देतो."

आळीतल्या बायका दारात येऊन हसायला लागल्या. कार्यकर्ता तापला. "आपल्याच मानसाच्या इरोधात जातोस? वरच्या आळीनं सगळे परत दिलेत, म्हाईत हाय का?"

हे खोटं होतं. पण बाप डगमगला. मी तशीच वरच्या आळीत गेले. तिथं मालकांचा माणूस अगदी तेच सांगत होता, खालच्यांनी परत दिले, तुम्हीही द्या. मी मधे घुसून म्हणाले, "खालच्या आळीनं एकही दिलेला नाही. द्यायलाही तयार नाहीत."

एक बाई कडाडली, "त्येंनी दिले न्हाईत? मग आमी कावून द्यावं? आमी काय त्येंच्यापरीस कमी हावोत?"

तेच वाक्य मी खाली येऊन सांगितलं. "वरच्यांनी देणार नाही म्हणून सांगितलंय." आणि खालची आळी हट्टाला पेटली. वरच्यांकडं असणार आणि आपल्याकडं नसणार? शक्यच नाही. दुपारपर्यंत दोन्ही कार्यकर्ते रिकाम्या हातांनी आपापल्या टपरीवर बसले होते.

याला मी एकोपा म्हणणार नाही. दोन्ही आळ्या एकमेकींचं तोंड बघायला तयार नव्हत्या, त्या दिवशीही नाही. मी त्यांच्या भांडणाचा वापर केला. पुढारी वर्षानुवर्षं करतात, मी एक दिवस केला आणि लेकरांसाठी केला. मला त्याची तसूभरही लाज वाटत नाही. गाव जोडायचं काम वेगळं आहे, ते लांबचं आहे, तेही आम्ही करू. पण तोवर लेकरानं अर्ध्या पुस्तकावर राहावं, हे मला मान्य नाही.

ट्रक निघाला. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, कोयते, आणि तिच्या घरचं ज्वारीचं पोतं. लॅपटॉप अजून पोत्यातच होता. सुरू होईल का, कुणालाच माहीत नव्हतं. ती पोत्यावर बसली होती. मी म्हणाले, "पूर्ण वाळल्याशिवाय बटण दाबू नकोस." ती म्हणाली, "बाबाला सांगा. मी न्हाई हात लावत."

फोन आला तो चौथ्या-पाचव्या दिवशी, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरच्या मोबाइलवरून. हॅलो नाही, काही नाही.

"ताई, सुरू झाला. एक बटन बसलंय, आत ज्वारीचा दाना अडकलाय. राहू द्या. चालतंय."

दिवाळीनंतर मालकांनी उद्घाटन केलं. हो, केलं. पोषण आहाराच्या खोलीला फीत लावली, कापली, टाळ्या झाल्या, आत तांदूळ होता. भाऊंनी वेगळं केलं, त्याच खोलीचं, दुसऱ्या फितीनं. दोघांच्याही फोटोत मावशी मागं झारा घेऊन उभ्या आहेत.

थंडीत मी फडावर गेले. तिथंही टोळ्या आळीप्रमाणं वेगळ्या, मधे बैलगाड्यांची रांग. मुलीच्या कोपीवर दव गळू नये म्हणून एक जुना फ्लेक्स टाकला होता. आतून वर बघितलं तर भाऊ, मोबाइल कानाला लावलेले, डोकं खाली पाय वर. खाली ती लहान भावाला मांडीवर थोपटत विज्ञानाचा धडा बघत होती. दाराबाहेर सौरऊर्जेची पाटी उन्हाला लावलेली. तिच्या आईला विचारलं, फ्लेक्स कुठून आणला? म्हणाली, "भाऊंनी काय तरी द्यायला पायजे का न्हाई आमाला!"

मुकादमाच्या भावकीतली माणसं तिथं एकदा येऊन गेली होती. बापानं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, परीक्षा हाय. एवढंच. माझ्याशी बोलताना मात्र त्यानं मान वर केली नाही. "धुतलं म्या," म्हणाला. "आता बिघडवलेलं मीच निस्तरतो."

उन्हाळ्यात ते परत आले. तिनं पेपर दिले. पास झाली, गणितात काठावर. नववीसाठी दुसऱ्या गावी जावं लागतं, एसटी कधी येते कधी येत नाही, त्यावर पत्रक लिहून झालंय. लग्नाचं बोलणं थांबलंय. कायमचं थांबलंय असं मी म्हणणार नाही. तसं म्हणता येईपर्यंत, तिच्या एसटीसाठी डेपोपुढं धरणं धरून बसायचं आहे.

परवा तिच्या घरी गेले. नवरात्र तोंडावर आलंय. बाप ओसरीवर बसलेला, मला बघून खाकरला आणि आत आवाज दिला, "औंदा त्ये पुजायचं हाय ना? मग नुसतं कापडानं पुसू का?"

आतून उत्तर आलं, "बाबा, तुमी फकस्त कोयते धुवा."